भिंतीवरची जुनी ओरखडचित्रं: बघायची कशी, नोंदवायची कशी

सोलापूरचा भुईकोट, माचणूरचा किल्ला, भीमाकाठची देवळं, गावोगावच्या वेशी आणि ओवऱ्या. या ठिकाणी कोणीतरी कधीतरी टोकदार वस्तूने दगडावर किंवा चुन्यावर काढलेली चित्रं सापडतात. घोडेस्वार असतो, हत्ती असतो, पावलांची बाह्यरेषा असते, खेळाचे पट असतात. ती शोधणारे हौशी लोक आता पुष्कळ झालेत, पण त्यांचे फोटो बघितले की दहातले आठ निरुपयोगी निघतात. कुठे रेघांत खडू भरलेला असतो, कुठे समोरून फ्लॅश मारलेला असतो, आणि चित्र नेमकं कुठल्या भिंतीवर आहे हे फोटो काढणाऱ्यालाही आठवत नसतं. कामाचा क्रम चुकला की असं होतं. म्हणून इथे तो क्रमच सांगतो.

1. आधी परवानगी, मग पिशवी

भुईकोट किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. हातातल्या मोबाईलवर फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही. पण स्टँड उभा करायचा, बॅटऱ्या लावायच्या, तासभर एकाच देवडीत (दरवाजाजवळच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत) बसायचं, तर आधी लेखी अर्ज द्या आणि उत्तर हातात आल्यावरच जा. पहारेकऱ्याला तोंडी सांगून काम भागेल या भरवशावर राहू नका. त्याची पाळी बदलली की तुमची परवानगीही संपली. पूजा चालू असलेल्या देवळात पुजाऱ्याशी आणि देवस्थानच्या कार्यालयाशी, दोघांशीही बोला.

> इशारा: 1958 च्या केंद्रीय कायद्यानुसार संरक्षित वास्तू विद्रूप करणं हा गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रेघ "जरा स्पष्ट करण्यासाठी" खिळा फिरवणाराही विद्रूप करणाराच.

2. सोबत काय न्यायचं

महागडा कॅमेरा नसला तरी चालतं. ज्यात फोकस आणि एक्स्पोजर लॉक करता येतं असा मोबाईल, छोटा स्टँड, दोन बॅटऱ्या, 10 सेंमीची काळी-पांढरी मोजपट्टी, पाच मीटरचा टेप, गवंड्याचा ओळंबा, होकायंत्र, जाड वही आणि शिसपेन्सिल घ्या. बॅटरी एकाच दिव्याची हवी. अनेक छोटे एलईडी असलेली बॅटरी एका रेघेच्या चार सावल्या पाडते आणि सगळा घोळ होतो.

आणखी एक वस्तू आपल्याकडे घरोघरी असते, ती म्हणजे जाड सोलापुरी चादर. भर दिवसा बॅटरीचा उजेड उन्हापुढे टिकत नाही. दोघांनी चादर आडोशासारखी ताणून धरली की भिंतीचा तेवढा तुकडा अंधारात येतो. चादर भिंतीला टेकू द्यायची नाही, वीतभर तरी लांब धरायची.

काय न्यायचं नाही तेही लक्षात ठेवा: खडू, रांगोळी, पीठ, भंडारा, कोळसा, तेल, तारेचा ब्रश, चिकटपट्टी. पाणीसुद्धा नको. ओल्या दगडावर रेघ उठून दिसते हे खरं, पण पाण्याबरोबर क्षार आत-बाहेर होतात आणि चुन्याचा गिलावा पापुद्र्याने सुटतो. कागद ओला करून ठसा घेणं हे प्रशिक्षित माणसाचं आणि खात्याच्या परवानगीचं काम आहे. व्हिडिओ बघून ते करायला जाऊ नका.

3. दिवस आणि वेळ ठरवणं

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे. बेसाल्टवरच्या रेघा बहुतेक वेळा इतक्या उथळ असतात की समोरून ऊन पडलं तर त्या दिसतच नाहीत. ऊन भिंतीला जवळपास घासून जायला हवं, साधारण 5 ते 20 अंशांतून. मग प्रत्येक रेघेची एक कड उजळते आणि दुसरी काळी होते.

हे कधी होतं ते भिंतीचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. आपलं सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. घड्याळात बारा वाजले म्हणजे इथे मध्यान्ह झाली असं नाही. सूर्य सगळ्यात वर येतो तो साडेबाराच्या आसपास, ऋतूप्रमाणे पंधरा मिनिटं मागेपुढे. हे धरून वेळा अशा बसतात.

पूर्वेकडे तोंड असलेल्या भिंतीसाठी सकाळी सात वाजता जाऊन काही उपयोग नाही, त्या वेळी सूर्य थेट समोर असतो. सव्वाअकरा ते सव्वाबारा या वेळात जा. हिवाळ्यात त्या वेळी ऊन वरच्या डाव्या बाजूने येतं, आणि पुढे सांगितल्याप्रमाणे ती सगळ्यात सोयीची दिशा आहे. पश्चिमेच्या भिंतीसाठी पाऊण ते दीड. या दोन्ही भिंतींना वर्षभर हीच वेळ चालते.

दक्षिणेच्या भिंतीची गोष्ट वेगळी. डिसेंबर-जानेवारीत तिच्यावर ऊन भरपूर असतं, पण ते समोरून येतं. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलअखेरपर्यंत मात्र ते पडतं तेवढा वेळ तिरपंच असतं: सकाळी एका बाजूने, दुपारी वरून, संध्याकाळी दुसऱ्या बाजूने. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मग उत्तरेच्या भिंतींची पाळी लागते. मेचा शेवटचा आठवडा ते पाऊस सुरू होईपर्यंत, एवढीच त्यांची मुदत. जून-जुलैतही सूर्य उत्तरेलाच असतो, पण ढगांपुढे कोणाचं चालतं?

तेव्हा दक्षिण आणि उत्तर भिंतींची कामं सोलापूरच्या कडक उन्हाळ्यात करावी लागतात. टोपी, पाणी आणि मीठ-साखर सोबत ठेवा. दुपारी एकट्याने तटावर जाऊ नका.

> तपासा: भिंतीपुढे उभं राहून होकायंत्राने तिची दिशा वहीत लिहा. "पूर्वेची भिंत" म्हणजे खोलीच्या पूर्वेला असलेली की पूर्वेकडे तोंड असलेली, यात हमखास गोंधळ होतो. नेहमी तोंडाची दिशा लिहायची.

देवडीत, भुयारी वाटेत किंवा गाभाऱ्यापुढच्या छोट्या दालनात (अंतराळात) ऊन पोहोचतच नाही. तिथे वेळेचं बंधन नाही, बॅटरीवर काम होतं. फक्त वर बघून घ्या. जुन्या तटांना आग्यामोहोळ असतं. पोळं दिसलं तर दिवा लावू नका, त्या दिवशी दुसरी भिंत बघा.

4. पहिली फेरी: नुसते डोळे

पोचल्या पोचल्या फोन बाहेर काढू नका. भिंतीला समांतर, हातभर अंतर ठेवून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चाला. पाठीवरची सॅक आधी खाली ठेवा. वळताना तिचा पट्टा गिलाव्याला घासतो आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. एकदा उभं राहून बघा, एकदा बसून. पहारेकरी, यात्रेकरू, मजूर ही माणसं बसून रेघोट्या मारत, त्यामुळे देवडीच्या ओट्याजवळ, खांबांच्या तळाशी आणि पायऱ्यांवर जास्त सापडतं.

काय दिसलं ते ठरवण्याआधी काय नाही ते वगळा:

पाथरवटाच्या छिन्नीचे टाके समांतर आणि सारख्या अंतराने असतात. चिऱ्यावर खोल कोरलेली एकटीच खूण, त्रिशूळ किंवा बाण, वारंवार दिसली तर ती बांधकामातली खूण असण्याची शक्यता जास्त. हत्यारं पाजळून पडलेल्या खाचा मधे खोल आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात. बेसाल्टच्या नैसर्गिक भेगा कशाही वळतात आणि चिऱ्याच्या कडेपर्यंत जातात. माणसाने काढलेली रेघ सहसा मधेच सुरू होते आणि मधेच संपते.

अक्षरं दिसली तर वेगळी नोंद करा, पण वाचायला बसू नका. आपला जिल्हा दोन भाषांच्या सीमेवरचा. एकाच भिंतीवर देवनागरी, मोडी, जुनं कन्नड आणि फारसी वळण, काहीही निघू शकतं. अर्धवट वाचून पसरवलेला लेख नंतर कोणीच मागे घेत नाही.

5. क्रमांक आणि जागा

फोटोच्या आधी क्रमांक. प्रत्येक चित्राला वास्तू, भाग, भिंतीची दिशा आणि अनुक्रम मिळून एकच नाव द्या, उदाहरणार्थ "भुको-दे2-पू-07". हेच नाव वहीत, फोटोत आणि फाईलला. "छान हत्ती" किंवा "हत्ती नवीन" अशी नावं महिन्याभरात अर्थ गमावतात.

मग दोन मापं घ्या: आजच्या जमिनीपासून चित्राच्या मध्यापर्यंतची उंची आणि जवळच्या कोपऱ्यापासूनचं अंतर. टेपचं धातूचं टोक भिंतीला लावू नका. ओळंबा सोडून, भिंतीपासून किंचित लांब मोजा.

उंचीबद्दल एक सूचना. गुडघ्याच्या उंचीवरचं चित्र बघून "लहान मुलाने काढलं असेल" असं लोक पटकन म्हणतात. शेकडो वर्षांत माती साचून, फरशी चढून जमीनच वर आलेली असू शकते. जोत्याचा थर किंवा दाराचा उंबरा किती दिसतो ते बघा. तो गाडला गेला असेल तर मूळ जमीन खाली होती, आणि चित्र काढणारा कदाचित उभाच होता.

6. फोटो: क्रम मोडायचा नाही

फ्लॅश बंद. ब्युटी, एआय सुधारणा, फिल्टर सगळं बंद. रुंद कोनाची लेन्स वापरू नका, तिने कडेच्या रेघा वाकतात. दोन पावलं मागे सरकून 2x ने काढा. फोन भिंतीला समांतर हवा, वर किंवा खाली झुकलेला नको.

क्रम असा:

अ) वास्तूचा तो भाग लांबून, दार किंवा कमान ओळखू येईल असा.
आ) पूर्ण भिंत.
इ) चित्र असलेला चिरा, चारही सांध्यांसह.
ई) चित्र, मोजपट्टी आणि क्रमांकाच्या चिठ्ठीसह, आहे त्या उजेडात.
उ) तेच, मोजपट्टीशिवाय.
ऊ) तिरप्या उजेडातले फोटो.
ए) रेघा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागा, अगदी जवळून.

मोजपट्टी चित्राच्या खाली, त्याच पातळीत, हाताने धरायची, चिकटवायची नाही. ती चित्रापेक्षा पुढे आली तर माप चुकतं.

आता "ऊ" बद्दल. चिऱ्यावर एक वीतभर रुंद घोडेस्वार आहे असं समजा. स्टँडवर फोन पक्का करा, चित्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. यापुढे फोन हलवायचा नाही, फक्त दिवा हलेल. बॅटरी चित्राच्या रुंदीच्या तिप्पट-चौपट अंतरावर धरा. जवळ धरली तर एक कोपरा पांढरा फटक आणि बाकी अंधार. अंतर एक मीटर असेल तर बॅटरीचं तोंड भिंतीपासून 15 ते 20 सेंमी पुढे असावं, म्हणजे साधारण 10 अंश मिळतात.

पहिला फोटो उजेड घड्याळातल्या दहाच्या जागेवरून, म्हणजे वरच्या डावीकडून. मग एक, चार आणि सात. या चार दिशा किमान हव्यातच, कारण उजेडाला समांतर असलेली रेघ सावली पाडत नाही आणि गायब होते. स्वाराचा भाला दहा ते चार अशा तिरप्या रेषेत असेल तर दहाच्या उजेडात तो दिसणार नाही आणि एकच्या उजेडात तो लख्ख दिसेल. एकाच दिशेचा फोटो घेऊन घरी आलेला माणूस शपथेवर सांगतो की स्वाराच्या हातात काही नव्हतं! कधी घोड्याचे तीनच पाय सापडतात, कधी हत्तीला सोंडच नसते, आणि मग त्या "अपुऱ्या" चित्राचे अर्थ लावले जातात.

खालून, म्हणजे सहाच्या आसपासून उजेड टाकलेला फोटो एकटा कोणाला दाखवू नका. उजेड वरूनच येतो असं डोळा गृहीत धरतो, त्यामुळे खोल रेघ उठावदार वाटते आणि ओरखडा कोरीव शिल्पासारखा दिसतो.

> तपासा: जागा सोडण्याआधी सगळे फोटो मोठे करून बघा. रेघेची कड धारदार दिसते का? चिठ्ठीवरचा क्रमांक वाचता येतो का? चारही दिशा आल्या का? घरी कळून उपयोग नाही.

7. नोंद: दिसलं ते लिहा, वाटलं ते नाही

"वाघ" लिहू नका. "चार पायांचा प्राणी, डावीकडे तोंड, शेपूट पाठीवर वळलेली, अंगावर आडव्या पाच रेघा" असं लिहा. वाघ की घोडा की कुत्रा हे नंतर दुसऱ्या रकान्यात, प्रश्नचिन्हासह. नोंद भिंतीसमोरच करायची. गाडीत बसून लिहिलेल्या नोंदीत आठवणीतली भर पडते.

पृष्ठभाग दगड की गिलावा, गिलावा असेल तर त्यावर चुन्याचे हात किती, रेघ ओढून काढलेली, ठोके मारून टिंबांनी काढलेली की घासून, रेघेची अंदाजे रुंदी, आजूबाजूची हानी. रेघेत सुई किंवा नख घालून खोली मोजू नका.

अलीकडची नावं, बदाम, तारखा यांचीही नोंद करा. नाक मुरडून त्या वगळणं ही चूकच आहे. अजिंठ्याच्या 10 क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथने 28 एप्रिल 1819 या तारखेसह कोरलेलं नाव आज इतिहासाचा पुरावा म्हणून दाखवतात. शिवाय तारीख असलेला ओरखडा जुन्या चित्राला छेदत असेल, तर चित्र त्या तारखेआधीचं एवढं तरी नक्की होतं.

8. वय ठरवण्याचा मोह

"हे यादवकालीन आहे" असं फोटोखाली लिहायला दोन सेकंद लागतात. खरं म्हणजे एकट्या ओरखड्यावरून काळ जवळपास कधीच सांगता येत नाही. पाँपेईच्या भिंतींवर खरडलेल्या ग्लॅडिएटरांना निदान एक हद्द मिळते, कारण 79 साली व्हेसूव्हिअसच्या राखेने शहर गाडलं गेलं आणि चित्रं त्याआधीचीच असणार. आपल्या भिंती बांधल्यापासून आजपर्यंत उघड्या आहेत, कोणीही कधीही रेघ मारू शकलं असतं.

काय आधी आणि काय नंतर, एवढं मात्र सांगता येतं. त्यासाठी पुढच्या चार गोष्टी बघायच्या.

*सांधा.* रेघ एका चिऱ्यावरून सांधा ओलांडून दुसऱ्या चिऱ्यावर जात असेल, तर ती भिंत बांधल्यानंतरची. रेघ सांध्याशी कापल्यासारखी थांबत असेल किंवा चित्र आडवं-उलटं असेल, तर दगड बसवण्याआधीच ते त्यावर असण्याची शक्यता आहे. आपल्या भुईकोटाच्या तटात जुन्या देवळांचे कोरीव दगड बसवलेले आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथे पदोपदी येतो.

*खेळाचे पट.* नवकंकरीचा चौकटीत चौकट असलेला पट किंवा वाघ-बकरीचा पट उभ्या भिंतीवर दिसला तर थांबा. उभ्या दगडावर सोंगट्या राहतील कशा? तो दगड पूर्वी कुठेतरी आडवा, फरशीत किंवा ओट्यावर होता असं समजायला जागा आहे.

*रंग.* बेसाल्टवर काळाने गडद साय चढते. ताजी रेघ फिकट, राखाडी-पांढरी दिसते. जुन्या रेघेच्या आतला रंग आजूबाजूसारखाच होत जातो. मात्र उन्हापावसातली आणि देवडीच्या सावलीतली रेघ एकाच वेगाने काळी पडत नाही. त्यामुळे एकाच चिऱ्यावरच्या दोन रेघांची तुलना करा, दोन भिंतींवरच्या नको.

*चुन्याचे हात.* चुना रेघेत उतरलेला असेल तर रेघ त्या हाताआधीची. रेघेने चुना फोडला असेल तर नंतरची.

9. रेखाटन

पारदर्शक कागद भिंतीला लावून रेखाटन करायचं नाही. ते घरी, फोटोवरून. इंकस्केप, क्रिटा किंवा गिंप ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. चारही दिशांचे फोटो एकावर एक थर म्हणून ठेवा; फोन हलला नसेल तर ते आपोआप जुळतात. नक्की रेघा एका थरावर, शंकास्पद रेघा तुटक रेघांनी दुसऱ्यावर, भेगा आणि हानी तिसऱ्यावर, नंतरचे ओरखडे चौथ्यावर.

हात इथे आपोआप चित्र "पुरं" करू लागतो. घोड्याचे तीन पाय दिसत असतील तर तीनच काढा. फोटो स्पष्ट करून देणारी एआयची ॲप्स इथेही नकोत. नसलेल्या कडा ती बेमालूम घालून देतात. दोघांनी एकमेकांचं न बघता रेखाटन केलं तर फार बरं. जिथे दोघांचं जुळत नाही ती रेघ शंकास्पदच्या थरावर जाते.

मग रेखाटन छापून पुन्हा भिंतीपुढे उभं राहायचं आणि बॅटरीच्या उजेडात एकेक रेघ पडताळायची. ही फेरी बहुतेक जण टाळतात. माझ्या मते ती टाळलेलं रेखाटन कोणाला देऊच नये.

10. साठवण आणि वाच्यता

मूळ फाईल तशीच ठेवा, बदल प्रतीवर करा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो आणि त्यातली जागेची माहिती निघून जाते. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवा आणि एक संच ज्यांनी परवानगी दिली त्या कार्यालयाला द्या.

समाजमाध्यमावर टाकायचं असेल तर नेमकी जागा लिहू नका. किल्ल्याचं नाव पुरे. "दुसऱ्या दरवाजाच्या डाव्या देवडीत, कमरेच्या उंचीवर" असं लिहिलं की पुढच्या रविवारी तिथे कोणीतरी किल्लीने स्वतःचं नाव घालतं.

वर्षातून एकदा त्याच भिंतीवर परत जा. फोटोंच्या क्रमातले आधीचे "ई" आणि "ऊ" छापून सोबत न्या, फोन त्याच उंचीवर लावा, बॅटरी त्याच चार दिशांना आणि त्याच अंतरावर धरा. दिशा बदलली तर हरवलेली रेघ खरंच झिजली की फक्त उजेडाला समांतर गेली, ते ठरवता येत नाही. नवा ओरखडा किंवा सुटलेला पापुद्रा दिसला तर दोन्ही फोटो शेजारी ठेवून, तारखेसह, खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.